बेहड्याखालचा हिशेब : नलोपाख्यान, पोकर आणि पणाला लावण्याची विद्या

देवळी हे वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, काळ्या मातीतले आणि कापसावर जगणारे तालुक्याचे गाव. तालुक्याच्या शिवेवरून वर्धा नदी वाहते. याच नदीच्या काठाने वरच्या अंगाला गेले, की पलीकडच्या अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर लागते. परंपरा या गावाला विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर मानते. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते वारकऱ्यांना ठाऊक आहे. दमयंतीचे माहेर म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना. प्रस्तुत लेखाचा विषय पत्त्यांचा एक परदेशी खेळ हा असला, तरी त्याची वाट याच नदीकाठावरून जाते.

विदर्भात पोळा आणि पत्ते यांचे नाते जुने आहे. पोळा फुटला, बैल घरोघरी ओवाळून झाले, की ओसरीवर, गोठ्यात, शेताच्या धुऱ्यावर डाव बसतात. आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छाप्यांच्या बातम्या येतात. या डावांत बहुधा तीन पत्ती असते, कुठे रमी असते. अलीकडच्या वर्षांत त्यांच्या जोडीला मोबाईलच्या पडद्यावरून पोकर आला, आणि त्याच्याबरोबर एक नवा दावाही आला : हा जुगार नव्हे, हे कौशल्य आहे; शिकून घ्या आणि जिंका. हा दावा खरा की खोटा, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आपल्याला एका बेहड्याच्या झाडाखाली थांबावे लागेल.

नलदमयंतीची कथा मराठी वाचकाला मुख्यतः हंसाची आणि स्वयंवराची कथा म्हणून माहीत असते. रघुनाथ पंडितांचे आख्यान आपण शिकतो आणि शिकवतो ते त्यातल्या शृंगारासाठी व शब्दकळेसाठी. ज्या श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरिता'ची छाया त्यावर आहे, ते महाकाव्यही विवाहोत्तर सुखापाशीच थांबते. द्यूत, वनवास, विरह आणि पुनर्भेट हा कथेचा उरलेला भाग महाभारताच्या वनपर्वात आहे. तो कोणी कोणाला सांगितला हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. द्यूतात सर्वस्व गमावून वनात आलेला युधिष्ठिर विचारतो, की माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय. आणि बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. म्हणजे एका हरलेल्या जुगाऱ्याला सांगितलेली ही दुसऱ्या हरलेल्या जुगाऱ्याची गोष्ट आहे.

कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. कली नळाच्या देहात शिरतो, द्वापर फाशांत शिरतो, आणि नळ आपला भाऊ पुष्कर याच्याकडून राज्य हरतो. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंती त्याचा ठाव घेण्यासाठी दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, आणि एका दिवसात विदर्भ गाठण्यासाठी ऋतुपर्ण बाहुकाला रथ हाकायला सांगतो. या वाटेवर, विदर्भाकडे धावणाऱ्या रथात, भारतीय वाङ्मयातला एक विलक्षण प्रसंग घडतो.

वाटेत बेहड्याचे झाड दिसते. ऋतुपर्ण सारथ्याला म्हणतो, की माझेही गणिताचे सामर्थ्य पाहा. खाली पडलेल्या आणि झाडावरच्या पानाफळांतला फरक तो सांगतो. दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंचाण्णव फळे आहेत, असेही सांगतो. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, उशीर होईल म्हणून राजा काकुळतीला आला तरी ऐकत नाही, झाड तोडतो आणि फळे मोजतो. मोजणी जुळते. हे कसे साधले, असे विचारल्यावर ऋतुपर्ण उत्तर देतो, की मी फाशांचे मर्म जाणतो, म्हणून संख्येतही निपुण आहे. मग दोघे विद्यांची अदलाबदल करतात. नळ अश्वविद्या देऊ करतो आणि अक्षहृदय घेतो. ती विद्या मिळताक्षणी कली विष ओकत नळाच्या देहातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात आश्रय घेतो.

द्यूत आणि गणन यांची ही सांगड सहज पडलेली नाही. त्या काळचे फासे म्हणजे आजच्यासारखे ठिपक्यांचे घन नव्हते. ती बेहड्याची फळे होती. हाइन्रिश ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९०७ मध्ये प्राचीन भारतीय द्यूतावर प्रबंध लिहिला. त्यातल्या मांडणीनुसार, ढिगातून काढलेल्या फळांना चाराने भागून उरणाऱ्या बाकीवर डाव ठरे. बाकी शून्य उरली तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, आणि एक उरली तर कली. नळाच्या अंगात शिरलेला कली हा असा हरणाऱ्या डावाचाही मूर्तिमंत अवतार आहे, आणि तो ज्या झाडात जातो ते फाशांचे झाड आहे. अशा खेळात ढिगाकडे पाहून क्षणात संख्या ओळखणारा माणूस जिंकणार, हे उघड आहे. शक्यताविचाराच्या उगमाचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनी १९७५ मध्ये याच प्रसंगाची दखल घेतली, ती थोड्या भागावरून मोठ्या भागाचा अंदाज बांधण्याच्या कल्पनेसाठी. थोडे दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा हिशेब करायचा, ही ती कल्पना.

आता पत्त्यांकडे येऊ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या गोल पत्त्यांचे दशावतारी रूप, दहा रंगांचे आणि एकशेवीस पत्त्यांचे, सावंतवाडीला अजून रंगवले जाते. बावन्न पत्त्यांचा युरोपीय जोड नंतर आला आणि तोच घराघरांत रुजला. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही नावे मराठीच झाली. पोकरचा जन्म मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात झाला. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार 'टेक्सास होल्डेम'. टेक्सासमधील रॉब्सटाऊन या गावी विसाव्या शतकाच्या आरंभी तो सुरू झाल्याचे मानले जाते. तोही कापूस पिकवणारा मुलूख, हा योगायोग देवळीच्या वाचकाला गंमतीचा वाटेल. १९६० च्या दशकात तो लास वेगासला पोहोचला आणि १९७० पासून तेथे त्याच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या.

या खेळाचे वैशिष्ट्य सामायिक पत्ते हे आहे. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते त्याने झाकून ठेवायचे. मग मधोमध पाच पत्ते उघडे मांडले जातात : आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. हे पाच सर्वांचे. स्वतःचे दोन आणि सर्वांचे पाच अशा सातांतून ज्याचा त्याने उत्तम पाच पत्त्यांचा हात जुळवायचा. पत्ते उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक टप्प्यानंतर पैसे लावण्याची फेरी होते. तीन पत्तीत समोरच्याचे तिन्ही पत्ते अंधारात असतात. इथे निम्म्याहून अधिक झाड आपल्यासमोर उभे असते. ऋतुपर्णाच्या दोन फांद्या त्या याच.

नवशिक्याला या खेळात जे पहिल्यांदा शिकवतात ते ऐकून पोळ्याच्या डावात बसणारा चकित होईल. पहिला धडा असा, की बहुतेक वेळा पत्ते टाकून द्या. बावन्नांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या संभवतात. रंगाचा तपशील सोडला तर त्यांचे १६९ प्रकार होतात. त्यांतले थोडेच खेळण्याजोगे असतात : मोठ्या जोड्या, एक्का आणि राजा, राजा आणि राणी, एकाच रंगाचे लगतचे मोठे पत्ते. एकसारख्या दोन पत्त्यांची जोडी सरासरीने सतरा डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. एवढे बाळगले तरी पुढचा मोह सुटत नाही. हातातल्या जोडीला तिसरा जुळा पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत साडेआठ वेळांत एकदाच मिळतो. ज्याला वाट पाहणे जमत नाही, त्याच्यासाठी हा खेळ नाही.

दुसरा धडा जागेचा. सर्वांनंतर बोलणाऱ्याला इतरांनी काय केले हे आधी कळते, म्हणून तेच पत्ते शेवटच्या जागेवर अधिक मोलाचे आणि पहिल्या जागेवर कमी मोलाचे. आपल्या सभाशास्त्रातही शेवटी बोलणारा शहाणा ठरतो, तो याच कारणाने.

तिसरा धडा हिशेबाचा आहे आणि तोच या विद्येचा गाभा आहे. समजा, आपल्या हातात बदामचे दोन पत्ते आहेत आणि उघडलेल्या चारांत आणखी दोन बदाम आहेत. पाचवा बदाम आला तर आपला रंग पुरा होऊन डाव आपला. सहा पत्ते दिसले, शेहेचाळीस दिसले नाहीत. त्यांत बदाम उरले नऊ. मध्ये दोनशे रुपये आहेत आणि समोरच्याने शंभर लावले. आपण शंभर टाकायचे काय? असा प्रसंग शेहेचाळीस वेळा आला असे कल्पून पाहा. नऊ वेळा आपल्याला तीनशे मिळतील, म्हणजे सत्तावीसशे. सदतीस वेळा शंभर जातील, म्हणजे सदतीसशे. हजाराचा तोटा. पत्ते टाकून द्यावेत. पण समोरच्याने पन्नासच लावले असते तर? नऊ वेळा अडीचशे, म्हणजे साडेबावीसशे. सदतीस वेळा पन्नास, म्हणजे साडेअठराशे. चारशेचा फायदा. आता थांबावे. पत्ते तेच, आशा तीच. बदलले ते फक्त आशेचे मोल. नवशिक्या विचारतो, माझा पत्ता येईल का? जाणता विचारतो, तो येण्याची वाट पाहायला मी किती देतो आहे?

चौथा धडा फसवणुकीचा, ज्याला सारे जग ब्लफ म्हणते. इथेही लोकांची समजूत उलटी आहे. चेहरा निर्विकार ठेवणे हा त्याचा गौण भाग. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसह १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पोकरच्या एका सोप्या नमुन्याचे विवरण केले आणि दाखवले, की अधूनमधून कमकुवत हातावरही मोठी रक्कम लावणे हे गणिताने योग्य ठरते. जो फक्त चांगल्या हातावरच बोलतो त्याचे बोलणे साऱ्यांना कळते, आणि मग त्याच्या चांगल्या हाताला कोणी दाद देत नाही. नवशिक्याने मात्र हे जपून आणि क्वचित करावे. कारण ज्याला काहीच कळत नाही आणि जो शेवटपर्यंत पैसे टाकतच राहतो, त्याला फसवता येत नाही.

तेव्हा या खेळात विद्या आहे. ती मोजता येते आणि शिकवता येते. एका डावात नशीब तिला झाकून टाकते. हजारो डावांत ती वर येते. आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या प्रश्नाचा इतिहास न्यायालयांतही घडला आहे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये स्थापन झाला तो मध्य प्रांतात. त्या प्रांताला लागू झालेल्या १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १८८७ च्या मुंबई कायद्यातही तशीच सूट आहे. पण केवळ कौशल्य म्हणजे किती कौशल्य? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत, बक्षिसांच्या स्पर्धांच्या निमित्ताने, कौशल्य आणि योगायोग यांतली रेषा आखली. १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. तीन पत्तीचा खेळ मात्र योगायोगाच्या बाजूला राहिला. पोकरबाबत उच्च न्यायालयांचे एकमत झाले नाही. कर्नाटकात २०१३ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ म्हणून वाट मिळाली, गुजरातमध्ये २०१७ मध्ये तो जुगार ठरला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, आणि त्यात कौशल्य की योगायोग हा भेदच बाजूला ठेवला. दीडशे वर्षे ज्या शब्दावर वाद झाला, तो शब्द विधिमंडळाने एका फटक्यात गैरलागू ठरवला.

अनेकांना हा निर्णय बुद्धीचा अपमान वाटला. खेळात विद्या असताना तिला जुगार का म्हणावे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर, माझ्या मते, वनपर्वातच आहे आणि ते आपण सहसा वाचत नाही.

नळ दोनदा खेळतो. पहिल्या वेळी त्याला विद्या नाही. सारे गमावल्यावर पुष्कर त्याला डिवचतो, की आता दमयंती तेवढी उरली आहे, वाटल्यास तिला पणाला लाव. नळाचे हृदय संतापाने फुटू पाहते. पण तो उत्तर देत नाही. अंगावरचे अलंकार उतरवतो आणि एका वस्त्रानिशी निघून जातो. कलीने झपाटलेला, मती गेलेला नळ इथे थांबतो. ही गोष्ट ऐकणाऱ्या युधिष्ठिराला त्या जागी थांबता आले नव्हते.

दुसऱ्या वेळी नळ विद्या घेऊन येतो. अक्षहृदय त्याच्यापाशी आहे, कली देहातून गेला आहे, दमयंती परत भेटली आहे. तो पुष्कराला आव्हान देतो आणि आपण होऊन म्हणतो, की मिळवलेले धन आणि दमयंती हा माझा पण, राज्य हा तुझा; एकाच डावात निकाल लावू, आणि प्राणही पणाला लावू. पुष्कर हर्षाने हसतो, दमयंती आता आपली होणार म्हणून. नळ जिंकतो, भावाला क्षमा करतो, आणि कथा सुखाने संपते.

जे अज्ञानी नळाने केले नाही, ते ज्ञानी नळाने केले. आख्यान यावर भाष्य करत नाही. परंपरेनेही ते फारसे केले नाही, कारण डाव जिंकला होता. पोकरच्या कोणत्याही चांगल्या शिक्षकाला मात्र ही जागा खटकली असती. त्या शाळेतला शेवटचा, आणि सर्वांत कमी पाळला जाणारा धडा हाच आहे : कितीही चांगला हात असो, सर्वस्व एका डावावर लावू नये. दहांत नऊ वेळा जिंकून देणारा हात घ्या. दर वेळी सारे काही त्यावर लावले, तर सात डावांनंतर उभे असण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी राहते. हिशेब जिंकायला शिकवतो. काय पणाला लावायचे नाही हे तो आपण होऊन शिकवत नाही. ते वेगळे ठरवून ठेवावे लागते, आणि खेळायला बसण्यापूर्वी ठरवावे लागते.

आणि इथेच देवळीचा प्रश्न येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त हे हरलेल्या जुगाऱ्याचे मनोगत आहे. त्याच्या शेवटी सविता त्याला सांगतो, की फासे सोड आणि शेती कर. हा उपदेश वर्धा नदीच्या काठावर वाचताना अडखळायला होते. विदर्भातला कोरडवाहू कापूस पिकवणारा शेतकरी शेतीलाच पावसावरचा जुगार म्हणतो. २००६ मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता, ते याच हरलेल्या डावांमुळे. आभाळ आणि बाजारभाव हे त्याचे सामायिक पत्ते, सर्वांना सारखेच दिसणारे. पण पोकरचा पहिला धडा त्याला लागू करता येत नाही. मृग कोसळला की पत्ते टाकून देण्याची मुभा त्याला नसते. पेरावेच लागते, आणि पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीचे पैसे पुन्हा मध्ये टाकावे लागतात. ज्याच्यापाशी हातचे काही उरत नाही, त्याला तोट्याच्या हातावरही खेळावे लागते. अशा माणसाला 'हे कौशल्य आहे' असे सांगून दुसऱ्या डावाला बसवणे म्हणजे त्याला अक्षहृदय देणे नव्हे. त्याच्या कौशल्याचा प्रश्न तिथे येतच नाही. प्रश्न त्याच्या मुदलाचा आहे.

म्हणून खेळातल्या विद्येला नाकारण्याचे कारण नाही. नलोपाख्यान वर्गात शिकवताना हंसाबरोबर बेहड्याचे झाडही शिकवावे, मुलांना शेहेचाळीस पत्त्यांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा; शक्यताविचाराचा इतका रोचक प्रवेश दुसरा नाही. पण त्याच तासाला नळाचा दुसरा डावही वाचावा. बेरीज करताना जो पुढे नेतो त्यालाही मराठीत हातचा म्हणतात, आणि प्रसंगासाठी मागे ठेवतो त्यालाही हातचे राखणे म्हणतात. ऋतुपर्णाने नळाला पहिला अर्थ शिकवला. दुसरा शिकवायचा राहून गेला.